चाचांच्या किल्ल्या

वह्या तपासण्यात आमची उमर गेली. यंदा मात्र नववीच्या मुलींनी आम्हाला तपासायला एक फिल्म आणून दिली. फिल्म म्हणजे पुरी फिल्म नव्हे, एका थरारपटाची फक्त सुरुवात. लांबी १ मिनिट ५२ सेकंद, शॉट ३१. मोबाईल एकीच्या अब्बांचा, तोही मगरिबच्या आधी परत करायच्या बोलीवर मिळालेला.

हा उद्योग आम्हीच त्यांच्या गळ्यात घातला होता. आमचा एक भाचा इंग्लंडात शिकला. तिकडे अकरावी-बारावीच्या वयाची जी मुले मीडिया स्टडीज हा विषय घेत, त्यांना कित्येक वर्षे हे काम असे: एका नव्या कथापटाची नामावली आणि सुरुवात तयार करा, दोन मिनिटांच्या वर जाऊ नका. थरारपट हा त्यातला मुलांचा लाडका प्रकार. त्याआधी एक छोटा सराव असे. एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, दुसऱ्यासमोर खुर्चीत बसतो आणि दोघे दोनचार वाक्ये बोलतात. ऐकायला पोरखेळ वाटतो. आम्ही स्टाफरूममध्ये करून पाहिला तेव्हा दार बाहेरून उघडणारे सर रिकाम्या हाताने होते आणि आत येणाऱ्या सरांच्या हातात चहाचा कप होता. मुली पोट धरून हसल्या, पण जोडकाम म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी समजले. तीन शब्द फळ्यावर लिहून न समजते ते एका कपाने समजले.

मुलींच्या गोष्टीचे नाव ‘शेवटची घंटा’. एक मुलगी वही विसरते, शाळा सुटल्यावर ती आणायला परत येते. वरच्या मजल्यावर कोणी नाही. मग मागून किल्ल्यांचा आवाज येतो. ती चालते, आवाजही चालतो. ती पळते. वर्गाच्या दाराची कडी निघत नाही. खांद्यावर एक हात पडतो. काळा पडदा, फिल्मचे नाव. बस्स, एवढेच.

आता वाचकहो, आम्ही या मुलींचा पेपर कसा तपासला ते सांगतो. घरात मुले असतील तर त्यांनाही ऐकवा. ती आपल्यापेक्षा जास्त फिल्मा बघतात आणि आपल्यापेक्षा कमी तपासतात.

पहिला शॉट मोकळ्या पटांगणाचा. दुरून घेतलेला, कॅमेरा जागचा हलत नाही, पूर्ण नऊ सेकंद. कोपऱ्यात नळ ठिबकतो आहे. वर्गातल्या बाकीच्या मुली म्हणाल्या, ‘सर, यात काही होतच नाही.’ आमच्या मते फिल्ममधला हा सर्वांत धीट शॉट. जिथे रोज पोरांचा कल्ला असतो ती जागा नऊ सेकंद रिकामी पाहिली की बघणारा आपण होऊन कोणाला तरी शोधू लागतो. शोधायला लागला की तो अडकला. तीन सेकंदांवर शॉट कापला असता तर ते शाळेचे नुसते चित्र झाले असते.

मग दुसऱ्या मजल्यावरून, कठड्याच्या गजांमधून, जिना चढणारी मुलगी. वरून घेतलेला शॉट माणसाला लहान आणि एकटे करतो हे पुस्तकात असते. इथे मधल्या गजांमुळे ती पिंजऱ्यात शिरते आहे असे वाटते. आम्ही कॅमेरा धरणाऱ्या मुलीला शाबासकी दिली. ती म्हणाली, ‘सर, उजेड तिथेच होता.’ आम्ही शाबासकी परत घेतली नाही.

आणि ती पावले. मोबाईल फरशीवर ठेवून, मागे डस्टरचा टेकू देऊन घेतलेला शॉट. चौकटीत फक्त दोन पाय, झिजलेल्या चपला, आणि चौकटीबाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजतो आहे. इतक्या खालून पाहिले की साधे पाऊलही डोक्यावर पडेल असे वाटते. चेहरा दाखवलाच नाही, हे उत्तम केले. १९७५ च्या ‘जॉज’मध्ये यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडे. नाइलाजाने स्पीलबर्गला बराच काळ मासा न दाखवता काम चालवावे लागले; पाणी, तरंगणारी पिंपे आणि जॉन विल्यम्सच्या संगीतातले ते दोन स्वर एवढ्यावर. न दिसलेला मासा लोकांना जास्त लागला. मुलींनी हे ऐकले होते आणि बरोबर वापरले.

कडीचा शॉटही छान. अगदी जवळून, अंगठा आणि लोखंड, नखांवर ईदची मेंदी अर्धी उतरलेली. अंगठा घसरतो. पुन्हा पावले. पुन्हा कडी. पहिल्यांदा कडी दोन सेकंद, मग एक, मग जेमतेम अर्धा. शॉट आखूड होत गेले की बघणाऱ्याचा श्वासही आखूड होतो. मुलींनी घड्याळ लावून कापले होते, हे आम्हाला आवडले.

चुका. कॅमेरा तिरका धरायची हौस. ‘द थर्ड मॅन’ या १९४९ च्या चित्रपटात युद्धानंतरचे व्हिएन्ना असेच कलंडलेले दिसते, ते आम्हीच सांगितले होते. मुलींनी सलग सहा शॉट तिरके लावले. तिसऱ्यापासून डोळ्याला सवय झाली, आणि सवय झाली की भीती गेली. दुसरी चूक मोठी. मुलगी पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळते आणि पाठलाग करणारी पावले उजवीकडून डावीकडे येतात. परिणाम असा की पावले तिच्या मागे आहेत असे वाटतच नाही. दोघे समोरासमोर येऊन धडकणार असे वाटते. दोन पात्रांमध्ये एक रेघ कल्पायची आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा नियम याचसाठी. तिसरे म्हणजे संगीत. नेटवरून उतरवलेले, किंचाळ्यांसकट, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. त्याखाली किल्ल्या गाडल्या गेल्या. घरी एक करून पाहा: टीव्हीवर मालिकेतला थरारक प्रसंग लागला की आवाज बंद करा. जे उरले ते कॅमेऱ्याचे काम. बऱ्याचदा फारसे उरत नाही.

आमच्या गुणपत्रकात तीन रकाने होते. शॉटना ८, जोडणी आणि आवाजाला ६, तणावाला ६. आम्ही २० पैकी १६ दिले आणि शेवटच्या हाताबद्दल शेरा लिहिला: ‘धक्का उत्तम.’ स्नेहसंमेलनात प्रार्थनेच्या हॉलमध्ये पडदा लावून फिल्म दाखवली. अशा वेळी पडद्याकडे पाहू नये, बघणाऱ्यांकडे पाहावे. पुढच्या रांगेत पहिली-दुसरीची पोरे चणे खात होती. पावलांचा शॉट आला आणि चणे खाणे थांबले. हात पडला तेव्हा हॉल किंचाळला. आम्ही मनातल्या मनात सोळाचे सतरा केले.

ती पावले आमच्या शाळेच्या शिपायाची. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वीस वर्षांहून जास्त काळ शाळेची कुलुपे त्यांच्याकडे. लहान वर्गातल्या कोणाला ताप आला की चाचा, कोणाची पाण्याची बाटली हरवली की चाचा. मुलींनी विचारले तेव्हा ते लगेच कबूल झाले. शूटिंगच्या दिवशी दाढी कातरून, ईदचा सदरा इस्त्री करून आले होते. कॅमेऱ्याने त्यांच्या चपला घेतल्या आणि शेवटी एक हात. फिल्म दाखवली त्या वेळी ते फाटकावर होते. दुसऱ्या दिवशी आम्हाला विचारले, ‘सर, आम्ही बरे दिसलो का?’ आम्ही म्हणालो, ‘फार छान, चाचा.’ काय सांगणार?

साताठ दिवसांनी पहिलीच्या बाईंनी आम्हाला बाजूला घेतले. म्हणाल्या, ‘तुमच्या फिल्मचे कौतुक पुरे झाले. माझी पोरे किल्ल्या वाजल्या की दाराआड लपतात. एकीने कालपासून एकटीने पाण्याच्या टाकीकडे जायचे सोडले आहे.’ आम्हाला वाटले, लहान मुले आहेत, विसरतील. मग त्याच दिवशी शाळा सुटल्यावर चाचा वर्ग बंद करताना दिसले. काहीतरी चुकत होते, काय ते पटकन ध्यानात येईना. आवाज येत नव्हता. किल्ल्यांच्या जुडग्याला त्यांनी जुन्या लुंगीचे फडके गुंडाळले होते.

‘हे काय, चाचा?’

‘आवाजाने पोरं दचकतात, सर.’ एवढेच बोलून ते पुढच्या दाराकडे गेले.

आम्ही त्या रात्री गुणपत्रक पुन्हा काढले. तिन्ही रकाने जागच्या जागी होते. चौथा नव्हता. या कॅमेऱ्याने कोणाची भीती घातली, आणि त्या माणसाने असे काय केले होते, हे विचारणारा रकाना आम्ही आखलाच नव्हता. फिल्ममध्ये त्या पावलांनी काहीही वाईट केलेले नाही. एक माणूस आपल्या शाळेच्या व्हरांड्यातून चालला आहे, आपल्या किल्ल्या घेऊन. वाईटपणा सगळा मोबाईल फरशीवर ठेवण्यातून आला. मुलींनी मुद्दाम केले नाही. घरात जे पाहिले तेच केले: भीती हवी असेल तर साधा, कामकरी, म्हातारा माणूस घ्या आणि त्याला खालून दाखवा. आणि आम्ही त्याला ‘धक्का उत्तम’ लिहिले.

वर्गात आम्ही हे सरळ सांगितले. दिग्दर्शन करणारी मुलगी रडली. एकीचे म्हणणे, चाचांचे शॉट काढून टाकू. पण मग फिल्ममध्ये राहते काय? दुसरी म्हणाली, माफी मागू. ती मागितलीच, चाचा म्हणाले, ‘काय झालं त्यात, बेटा,’ आणि चॉकलेटे वाटली. उलट आपणच वाटली. पण फडके सुटले नाही.

मग आम्ही त्यांना एक इराणी चित्रपट दाखवला, जाफर पनाहींचा १९९५ चा ‘द व्हाइट बलून’. पटकथा अब्बास कियारोस्तामींची, आणि कान महोत्सवात पहिल्या चित्रपटाचे बक्षीस मिळालेला. सात वर्षांची मुलगी, नवरोजसाठी गोल्डफिश आणायला निघालेली, हातात आईची शेवटची मोठी नोट. नवे वर्ष लागायला दीडेक तास. नोट आधी गारुड्यांच्या हातात जाते, नंतर बंद दुकानाच्या तळघराच्या जाळीतून खाली पडते. खून नाही, पिस्तूल नाही. जाळी, नोट आणि संपत चाललेली वेळ. आमच्या मुली नखे खात बसल्या होत्या.

त्यात एक प्रसंग आहे. मुलगी जाळीपाशी एकटी बसली आहे आणि एक अनोळखी शिपाईगडी, सैन्यातला पोरगा, शेजारी येऊन गप्पा मारू लागतो. बघणारा ताठ होतो. हा कोण, इतका का बोलतो? पण पनाही कॅमेरा खाली नेत नाहीत. माणसाला त्याच्या उंचीवर दाखवतात, बोलू देतात. हळूहळू कळते की हा घरापासून दूर पडलेला, बहिणींची आठवण येणारा गडी आहे. धास्ती आपल्या मनात होती. तो जातो तेव्हा थोडी शरम वाटते. अनोळखी माणसापासून सावध राहायला आपण मुलांना शिकवतोच, शिकवलेच पाहिजे. पनाही ती सावधगिरी खोटी ठरवत नाहीत, फक्त त्या माणसाला चेहरा देतात.

कॅमेरा धरणारी मुलगी दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, ‘सर, आधी एक शॉट लावला तर?’

तिची युक्ती अशी. पटांगणाच्या शॉटनंतर चाचा दिसतात, समोरून, डोळ्यांच्या उंचीवर. ते वर पाहतात. वरच्या व्हरांड्याच्या टोकाला ‘धोका’ लिहिलेली पाटी, आणि आडवी बांधलेली दोरी सुटून लोंबते आहे. चाचांची नजर जिन्याकडे जाते: मुलगी वर चालली आहे. ते हाक मारतात, पण पाण्याची मोटर चालू आहे, हाक बुडते. ते किल्ल्या उचलतात आणि जिन्याकडे निघतात. बस. यापुढे जुनीच फिल्म. तीच पावले, तोच जुडगा, तीच कडी. दार उघडत नाही म्हणून मुलगी घाबरून व्हरांड्याच्या टोकाकडे पळते, बरोबर त्या सुटलेल्या दोरीकडे.

आम्ही खुर्चीत बसल्या जागी ताठ झालो. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला सांगितलेली टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट आम्ही याच वर्गात शिकवली होती. दोघे टेबलाशी गप्पा मारतात आणि एकदम बॉम्ब फुटतो: बघणाऱ्याला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब खाली आहे हे बघणाऱ्याला आधी दाखवा, गप्पा तशाच चालू द्या: पंधरा मिनिटे तो तळमळतो. शिकवताना आम्हाला वाटले होते, हा कारागिरीचा धडा. पण पहिल्या फिल्ममध्ये बघणाऱ्याला फक्त मुलीइतकेच ठाऊक होते, म्हणून तो तिच्याबरोबर चाचांना भ्यायला. आता त्याला चाचांचेही ठाऊक आहे. आता तीच पावले वाजली की तो मनात म्हणतो, लवकर, चाचा, लवकर. आणि मुलगी जितकी जोरात पळते तितका त्याचा जीव वर जातो. तणाव कमी झाला नाही, दुप्पट झाला. फक्त भीतीचा पत्ता बदलला.

रशियात लेव्ह कुलेशोव्हने १९२० च्या सुमारास नटाच्या एकाच कोऱ्या चेहऱ्याला कधी सूपचे ताट, कधी शवपेटी जोडून दाखवली होती, आणि बघणाऱ्यांना तोच चेहरा कधी भुकेला, कधी दुःखी वाटला, असे सांगतात. आमच्याकडे तो प्रयोग झिजलेल्या चपलांवर झाला.

नव्या शॉटचे काम एका शुक्रवारी, अर्ध्या सुट्टीच्या दुपारी झाले. खऱ्या कठड्याजवळ आम्ही कोणालाही जाऊ दिले नाही. टोकाचे सगळे शॉट प्रार्थनेच्या ओट्यावर घेतले. उंची अडीच फूट, खाली गादी. वरून दिसणारे पटांगण वेगळे, गच्चीच्या बंद जाळीतून घेतले आणि मध्ये जोडले. जोडल्यावर आमच्या स्वतःच्या पोटात गोळा आला. तिरके शॉट सहाचे एक केले. पळण्याची दिशा सुधारली. किंचाळणारे संगीत काढले आणि त्या जागी मोटरची घरघर ठेवली. शेवटी वीज जाते, मोटर बंद पडते, एकदम शांतता. मुलीचे पाऊल दोरीपाशी, आणि चाचांचा आवाज: ‘बेटा, थांब!’ काळा पडदा. हात नाही. खांद्यावरचा तो हात दिग्दर्शिकेने स्वतःच कापला, आम्ही सांगितले नव्हते.

चाचा त्या दिवशीही ईदच्याच सदऱ्यात आले. चार सेकंद त्यांचा चेहरा पडद्यावर आहे. आम्ही आधी ऑफिसातल्या संगणकावर त्यांना एकट्यांना दाखवले. सगळे पाहून झाल्यावर म्हणाले, ‘सर, चपला वेगळ्या आहेत.’ खरेच! नव्या शॉटमध्ये नव्या चपला, आणि जुन्या पावलांमध्ये त्या झिजलेल्या. ३४ शॉट आम्ही चार जणांनी पाहिले होते, कोणाच्या लक्षात आले नव्हते. मुली म्हणाल्या, पावले पुन्हा घेऊ. पण परीक्षा तोंडावर आली आणि मोबाईलवाल्या अब्बांनी हात जोडले. चपला तशाच राहिल्या. गुण आम्ही १७ दिले. एक चपलांचा कापला, एक मोटर मध्येच दोनदा उगाच थांबते त्याचा, आणि एक आमच्या सवयीचा.

मोठ्या हॉलमध्ये फिल्म पुन्हा दाखवली. या वेळी चाचांना पुढच्या खुर्चीत बसवले, फाटकावर आम्ही उभे राहिलो, म्हणून हॉलमध्ये काय झाले ते आम्ही पाहिले नाही. पहिलीच्या बाई सांगतात की पोरे ‘चाचा, पळा!’ म्हणून ओरडत होती. टाकीकडे न जाणारी ती मुलगी अजूनही मैत्रिणीला बरोबर घेऊनच जाते. बाकीची पोरे पूर्ववत झाली. फडके मात्र जुडग्यावर अजून आहे. परवा आम्ही म्हटले, ‘आता काढा की, चाचा.’ तर म्हणाले, ‘राहू द्या, सर. हाताला बरं वाटतं.’